भटूदाजींचा सॅक्सोफोन कुणी घडवला?

गणेशचा फोन आला तेव्हा मी सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकात अडकलो होतो. साड्यांच्या गठड्या लादलेला एक टेम्पो समोर आडवा झाला होता, मागून सगळे हॉर्न वाजवत होते, आणि मी स्कूटर बंद करून, एक पाय खाली टेकवून निवांत उभा होतो. त्या चौकात चिडून काही होत नाही हे मी पंचवीस वर्षांत शिकलोय. गणेश म्हणजे माझा भाचा. तो शहराबाहेर सचिन नावाच्या गावी एका केमिकलच्या कारखान्यात असतो, आणि एवढ्या सकाळी त्याचा फोन कधी येत नाही. "मामा, बाबा गेले," तो म्हणाला आणि थोडं थांबून, "चहा पीत होते..." त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. मनात पहिल्यांदा काय आलं ते मात्र आठवतं, आणि लाज वाटते तरी सांगतो. मनात आलं, आता त्या बाजाचा शोध अर्धाच राहिला. घरातलं माणूस गेलं आणि मेहुण्याला चिंता कसली, तर एक जुना सॅक्सोफोन कुणी बनवला याची. दाजींना हे कळलं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं, एवढं मी त्यांना ओळखतो.

भटूदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, विमलताईचे यजमान. आम्ही सगळे शिंदखेड्याकडचे. दाजी लग्नाआधीच सुरतेला आले होते, लूम चालवायला. मी मागाहून आलो ते शिकायला, आणि लिंबायत या आमच्या खानदेशी लोकांच्या वस्तीतल्या त्यांच्याच खोलीत, एका भिंतीला पाठ लावून, बी.एस्सी. झालो. पुढे मराठी शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो तेव्हापासून त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी त्यांचा 'मास्तर' झालो. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती याचा अंदाज मला अजून लागलेला नाही. एखादी गोष्ट मला येत नसली की तो शब्द जरा लांबवून म्हणायचे, एवढं खरं.

लूमवर दहा-बारा वर्षं काढल्यावर डाव्या कानाला कमी ऐकू यायला लागलं, म्हणून शेठने त्यांना फोल्डिंग खात्यात घेतलं. तिथे कोरं, न रंगवलेलं कापड तपासायचं काम. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, आणि त्यावरून ताका सरकत जातो. दाजी त्या कामात असे काही मुरले की कापड बोटांत धरून ते कुठल्या कारखान्यातलं, कुठल्या लूमवरचं, आणि कधीकधी तर कुठल्या कारागिराचं हेही सांगायचे. कुठल्याही लग्नात गेलो की नवरदेवाच्या शेल्याचं टोक हळूच उलटून बघायचे आणि माझ्या कानात म्हणायचे, "आपला खाताना शे." म्हणजे आपल्याच खात्यातला. मी एकदा म्हटलं, "दाजी, त्यावर कंपनीचं नाव छापलंय ते वाचा की सरळ." त्यावर त्यांनी मला जे ऐकवलं ते मी पुढे वर्गातही सांगत आलो. सुरतेत कापड विणतो एक, रंगवतो पलसाण्याच्या मिलमधला दुसरा, आणि त्यावर नावाचा छाप मारतो मार्केटमधला तिसराच, ज्याने जन्मात लूम पाहिलेला नसतो. नाव वाचणारा फसतो. किनार बघणारा फसत नाही.

पण हे झालं पोटापाण्याचं. दाजींचा जीव होता बँडमध्ये. सुरतेत आलेल्या आमच्या खानदेशी माणसांचा एक बँड होता, वामनमास्तर नावाचे उस्ताद तो चालवायचे. लग्नसराईत दाजी पाळी बदलून घ्यायचे आणि पिवळ्या झालरीचा लाल कोट घालून वरातीत सॅक्सोफोन वाजवायचे. तो सॅक्सोफोन वामनमास्तरांचा. त्यांचे पुढचे दात पडले आणि वाजवणं थांबलं, तेव्हा त्यांनी बँडमधल्या तिघाचौघांना डावलून तो दाजींच्या हातात दिला. "जर्मन आहे भटू, जप," एवढंच म्हणाले. त्याच्या पसरट तोंडावर वेलबुट्टी कोरलेली होती, आणि वेलबुट्टीच्या मधोमध कलकत्त्याच्या कुठल्याशा वाद्यांच्या दुकानाचं नाव, इंग्रजी अक्षरांत. नाव कलकत्त्याचं आणि बाजा जर्मन, हे कोडं तेव्हा कुणालाच पडलं नाही. वामनमास्तर म्हणाले ना, मग झालं. पुढे दोनेक वर्षांत ते वारले.

हे कोडं पडलं ते तीन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या लग्नसराईच्या तोंडावर. बाजाच्या भोकांवर ज्या गाद्या बसतात त्यांतून हवा जायला लागली होती, म्हणून दाजी बँडमधल्या दोघांना घेऊन जुन्या शहरातल्या एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्याने बाजा उलटापालटा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चाचा, ये तो मेरठ का माल है. ऊपर कलकत्तेवाले का नाम ठोक दिया, बस." मेरठला बँडची वाद्यं बनतात आणि चांगली बनतात; त्यात लाज वाटावी असं काही नाही. पण सोबतच्या दोघांनी ही बातमी बँडच्या गाळ्यापर्यंत पोचवली, आणि ज्यांना तीस वर्षांपूर्वी डावललं गेलं होतं त्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "काय भटूशेठ, जर्मनी कुठवर आली?" असं चालायचं. दाजी चेष्टेला घाबरणारे नव्हते. पण त्या लग्नसराईनंतर त्यांनी बाजा गाळ्यावर नेणं बंद केलं.

मग एका रविवारी ते माझ्या घरी आले, काखेत बाजा, ताईच्या जुन्या साडीच्या खोळीत गुंडाळलेला. पाणीसुद्धा न पिता त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "मास्तर, तू विज्ञान शिकाडस ना? मंग सांग, हाई कोनी बनाडं?" मी म्हटलं, मला पेटीसुद्धा धड ओळखता येत नाही. त्यांनी बाजावरची खोळ काढली. मग म्हणाले, "मेरठनं ऱ्हायनं तरी वाजस चांगलं. पन उस्ताद मनासंगे खोटं बोलनात का... येवढंच माले समजाले जोयजे." मेरठचा असला तरी त्यांना चालणार होता. वामनमास्तर आपल्याशी खोटं बोलले का, एवढंच त्यांना हवं होतं. आणि खोटं निघालं तरी चालेल, पण कळलं पाहिजे, हेही त्यांनी जाताना दारात उभं राहून सांगितलं. सासष्टाव्या वर्षी कुणी असं म्हणत असेल तर त्याला टाळता येत नाही.

मी इंटरनेटवर शोधायला बसलो. तिथे जगभरातल्या जुन्या सॅक्सोफोनवेड्यांची एक चावडीच भरलेली असते. मी मोठ्या तोऱ्यात वेलबुट्टीचा आणि नावाचा फोटो टाकला. उत्तरं आली ती सगळी एकच सांगणारी: ते नाव दुकानदाराचं आहे, त्याला विसरा. पूर्वीच्या काळी मोठे कारखाने दुकानदारांच्या मागणीप्रमाणे त्यांचीच नावं कोरून वाद्यं पाठवत. जगभर असे हजारो बाजे आहेत ज्यांवर बनवणाऱ्याचं नावच नाही. आम्हाला भोकांच्या कडा दाखवा, स्क्रूची डोकी दाखवा, बोटांनी दाबायच्या चाव्यांवरच्या संरक्षक जाळ्या दाखवा. हे मी दाजींना वाचून दाखवलं तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू बघितलं. "हाई लोक किनार देखतस मास्तर," ते म्हणाले. साता समुद्रापलीकडे आपल्याच खात्यातली माणसं बसली आहेत हे त्यांना भलतंच आवडलं.

मग आमचा एक उद्योगच सुरू झाला. रविवारी सकाळी माझ्या गच्चीवर चादर अंथरायची, तिच्यावर बाजा ठेवायचा आणि त्या लोकांनी विचारलेला एकेक भाग शोधायचा. आमच्या बाजाची एक खूण लवकरच सापडली. भोकांच्या कडा सरळ नव्हत्या, बाहेरच्या बाजूला गोल वळवलेल्या होत्या, भाकरीच्या पिठाच्या परातीला काठ असतो तशा. अशा कडा फार थोड्या ठिकाणी करत. अमेरिकेतला एक कारखाना नळीच्याच पितळेतून त्या ओढून काढायचा. आणि युरोपात डोंगरातलं एक गाव होतं, तिथले कारागीर वेगळी कडी घडवून नळीवर डाख देऊन बसवायचे. मेरठच्या जुन्या मालाला अशी कड कुणी पाहिली नव्हती. म्हणजे प्रश्न उरला एवढाच, की कडेच्या मुळाशी जोड आहे की नाही. मी माझ्या चष्म्याने पाहिलं, मुलीच्या मोबाइलने फोटो काढून मोठा करून पाहिला, शाळेतलं भिंग आणून पाहिलं. मला जोड दिसला नाही. मी जाहीर करून टाकलं की बाजा अमेरिकन आहे. शिक्षकाला जाहीर करायची घाई असतेच.

दाजींनी खिशातून त्यांची घडीची काच काढली. कापडाच्या एका इंचात ताणे किती आणि बाणे किती हे मोजायला फोल्डिंग खात्यात ती वापरतात. डब्बीसारखी उघडते आणि कापडावर उभी राहते. मग म्हणाले, आत दिवा सोड. मी लांब वायरचा बारका दिवा नळीत सोडला. आता बाजा त्यांच्या टेबलासारखा खालून उजळला, आणि ते एकेक भोक घेत गेले, वरून खाली, काच टेकवायची, डोळा लावायचा, बाजा बोटभर फिरवायचा, पुन्हा काच. वीस-बावीस भोकं असतील. दीड तास लागला. माझा चहा दोनदा झाला, त्यांचा तसाच गार झाला. शेवटी सर्वांत खालच्या मोठ्या भोकाशी ते थांबले आणि मला म्हणाले, "ये, देख. जोड शे." मी बघितलं. कडेच्या मुळाशी केसाएवढी राखाडी रेघ होती, आणि एका जागी डाखाचा मोहरीएवढा थेंब, कुणीतरी पुसायचा विसरलेला. ती रेघ नंतर आणखी दोन भोकांना सापडली. मी माझी अमेरिका मागे घेतली.

ते फोटो पाठवल्यावर चार दिवसांनी जर्मनीतल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याचं पत्र आलं. त्याचे वडील त्याच डोंगरातल्या गावचे. त्याने लिहिलं होतं की कडा, जाळ्या, स्क्रू सगळं आमच्या गावचं आहे, याबद्दल मला शंका नाही. त्या गावातली माणसं जर्मन बोलायची, पण गाव जर्मनीत नव्हतं. ते आज चेक लोकांच्या देशात आहे. महायुद्धानंतर त्या माणसांना गाव सोडावं लागलं. तिथे घरोघरी हेच काम चालायचं. एका घरात नुसत्या चाव्या घडायच्या, दुसऱ्या घरात स्प्रिंगा, बायका गाद्या शिवायच्या, आणि मग कुठल्यातरी कार्यशाळेत सगळं जोडून त्यावर परदेशातल्या दुकानदाराचं नाव कोरलं जायचं. मी हे लिंबायतच्या खोलीत दाजींना मराठी करून सांगत होतो. ताई दाराशी बसून साड्यांचे सुटे धागे कापत होती. ढीगभर साड्या कारखान्यातून घरी येतात आणि कापून परत जातात, हे तिचं काम किती वर्षांचं आहे ते तिलाही सांगता येणार नाही. दाजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "गाव दुसरास्नं, बोली आपली, घरोघर जॉबवर्क," ते म्हणाले. "मास्तर, हाई तर लिंबायतच शे." आम्ही तिघंही हसलो. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "उस्ताद खोटं नही बोलनात." जर्मन म्हटलं तर खरं होतं, जर्मनी म्हटलं तर नव्हतं, पण वामनमास्तरांनी 'जर्मन' एवढाच शब्द वापरला होता. मला वाटलं, संपलं. बाजाही शांत झाला आणि दाजीही.

पण दाजींची भूक आता वाढली होती. गाव कळलं, मग कार्यशाळा कुठली? तिथल्या माणसाचं नाव काय? ताका कारखान्याचा आहे एवढ्यावर ते कधी थांबत नसत, लूम कुठला हे कळेपर्यंत त्यांना चैन नसे. त्या म्हाताऱ्यानेही लिहिलं होतं की नंबर कळवा. माझ्याकडे वडिलांची एक वही आहे, नंबरावरून मी तुम्हाला कार्यशाळेच्या धन्याचं नावसुद्धा सांगू शकेन. नंबर पाठीमागे असतो, उजव्या हाताचा अंगठा टेकवायला जे हूक असतं त्याच्याजवळ. नवरात्र आठवड्यावर आलं होतं. मी लिंबायतला गेलो. ताई आत चुलीपाशी भरिताची वांगी भाजत होती. आम्ही बाजा उलटा केला. हुकाजवळ काहीच नव्हतं. पितळ आरशासारखं गुळगुळीत. दाजींनी काच लावली, बराच वेळ लावून ठेवली, आणि मग ती माझ्या हातात दिली. हुकाच्या अगदी कुशीत, जिथे बोट शिरत नाही तिथे, एका अंकाची अर्धी गोलाई उरली होती. तीन असेल, आठ असेल, नऊही असेल. म्हणजे नंबर होता. पुसला गेला होता.

आणि तो कसा पुसला गेला हे माझ्या एकदम ध्यानात आलं. दर दसऱ्याला सकाळी ताई चिंच भिजवायची, विटेची भुकटी वस्त्रगाळ करायची, आणि बाजा मांडीवर घेऊन घासत बसायची. आपल्याकडे दसऱ्याला हत्याराची पूजा. दाजींचं हत्यार तेच. लग्नसराई सुरू व्हायच्या आधीही एकदा. वामनमास्तरांनी बजावलं होतं की कोरलेल्या नावावर चिंच लावायची नाही, झिजेल. म्हणून त्या नावावर ती नुसत्या ओल्या पदराचा हात फिरवायची आणि बाकी सगळा बाजा जीव लावून घासायची. तीस वर्षं तिने त्या दुकानदाराचं नाव सांभाळलं होतं. आणि ज्या आकड्यांवरून बनवणारा सापडला असता ते, पूजा समजून, पुसून टाकले होते. मी म्हणून गेलो, "दाजी, हे तर ताईच्या चिंचेनं..." त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. आत वांग्यांचा तडतड आवाज येत होता.

"लिही," ते हळूच म्हणाले, "नंबर नही. पयलेपासूनच नही." मी म्हटलं, हे खोटं आहे, आणि तो म्हातारा वही उघडून बसला असेल. हुकाखालची गोलाई पाठवू, तिरका उजेड पाडून बघू, काहीतरी उठेल; तुम्हालाच तर हवंय ना ते नाव? मला रागच आला होता, खरं सांगतो. एवढा शोध, आणि उंबरठ्यावर येऊन परत फिरायचं. "तीस वरीस तिनी घासं," दाजी म्हणाले. "आते तिले कसं सांगू, की तूच पुसी टाकं?" ते आत बघत होते. मग म्हणाले, "तिले सांगू नको, मास्तर." मी तसं लिहिलं. नंबर कधीच नव्हता. म्हाताऱ्याने हळहळून उत्तर पाठवलं: नंबराशिवाय वहीचा उपयोग नाही, तशा कार्यशाळा डझनभर होत्या.

त्यानंतरची दोन वर्षं दाजी मधूनमधून मला विचारत राहिले, "मास्तर, नंबर सोडीसन दुसरी काही किनार नही का?" मी एकेक फोटो पाठवत राहिलो. स्प्रिंगांचा रंग, जाळ्यांचे पाय, स्क्रूच्या खाचा. शेवटचे भेटलो ते त्यांच्या जाण्याच्या आठ दिवस आधी. तेव्हा त्यांनी मला दाखवलं की सगळ्या जाळ्या एका हातच्या आहेत, पण सर्वांत वरची एक निराळ्या हातची. तिची कानस उलट्या दिशेने चाललेली आहे. "डावरा व्हता तो," दाजी म्हणाले. शंभर वर्षांपूर्वी कुठल्यातरी बर्फाळ गावात बसून एका डावखुऱ्या माणसाने ती जाळी घासली असेल, हे त्यांनी लिंबायतच्या खोलीत बसून ओळखलं. नाव सापडलं नाही, पण माणसाचा हात सापडला म्हणून स्वारी खूश होती. मला तो फोटो पाठवायचा होता. राहून गेला.

परवा दसरा झाला. घरात यंदा सण नाही. मी सकाळीच ताईकडे गेलो, उगाच, ती एकटी असेल म्हणून. तर तिने बाजा खोळीतून काढून समोर ठेवला होता, आणि मला वाटलं आता ही चिंच आणणार. हुकाच्या कुशीत उरलेली ती अर्धी गोलाईही आज जाईल. दाजींना दिलेला शब्द आठवला, आणि तरी माझ्या तोंडून निघालंच, "ताई, चिंच नको..." तिने हातातलं फडकं दाखवलं. कोरडं होतं. "माले मालूम व्हतं," ती म्हणाली. "येवढुसा घरमा काय लपस? तुम्ही आठे बोलनात, मी तठे आयकं."

पुढचं तिचं बोलणं मी माझ्या शाळेच्या मराठीत लिहितो, कारण अहिराणी मला कानाला येते तशी लेखणीला येत नाही. ती म्हणाली, "आठ दिवस मला घास गेला नाही. वाटलं भांडावं, एवढं मोलाचं होतं तर मला आधी सांगायचं नाही का. मग दसरा आला. मी चिंच भिजवली, तर हे म्हणाले, तुझी बोटं दुखतात, यंदा मी पुसतो. कोरड्या फडक्यानं पुसलं. पूर्वी घासून झालं की बाजा लगेच गाळ्यावर पूजेला जायचा. आता ते तिकडे नेत नव्हते. म्हणाले, गाद्या बसल्या का बघतो. आणि या चटईवर बसून वाजवलं." तिने चटईवर हात फिरवला. ताईच्या चाळीत रात्रपाळीची माणसं दिवसा झोपतात, त्यामुळे खोलीत कुणी बाजा वाजवत नाही. दाजी रियाजाला गाळ्यावर जायचे. दसऱ्याला तेवढे कारखाने बंद असतात, सगळे जागे असतात. "तीस वर्षं मी त्यांचा बाजा घासला, पण कधी ऐकला नव्हता रे," ताई म्हणाली. "वरातीत ढोल-ताशापुढे काय ऐकू येतं? आणि आम्ही बायका मांडवात. त्या दिवशी समोर बसून ऐकला. मला माहीत आहे असं मी बोलले असते तर त्यांचं लपवणं संपलं असतं, आणि फडकं परत माझ्या हातात आलं असतं, वाजवणं राहिलं असतं. म्हणून गप्प बसले. दोन दसरे ऐकायला मिळालं."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. मी बनवणाऱ्याच्या मागे एवढा लागलो होतो की ऐकणारं कुणी आहे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. थोड्या वेळाने मी तिला विचारलं, त्या म्हाताऱ्याला आता खरं लिहू का? नंबर होता, आणि तो कसा गेला ते? तिने जरासा विचार केला. "लिही," ती म्हणाली. "बनाडनारानं नाव नही सापडनं, घासनारीनं तरी टाक." मी तसं लिहिलं आहे, विमलबाई म्हणून, पूर्ण नावानिशी. डावखुऱ्या माणसाच्या जाळीचा फोटोही सोबत जोडला आहे.

मग तिने फडकं माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, पूस. मी बाजा मांडीवर घेतला आणि वरून खाली पुसत आलो. हुकाशी आलो तेव्हा हात हलका केला. बाहेर चाळीत माणसं जागी होती, कुणाच्या तरी दाराला आंब्याची पानं बांधणं चाललं होतं. पुसून झाल्यावर मी बाजा मांडीवर तसाच धरून बसलो. ताई समोर चटईवर बसली होती, पदर सारखा करून, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मला सॅक्सोफोन वाजवता येत नाही हे तिला माहीत आहे. तरी ती बराच वेळ तशीच बसून राहिली, आणि मीही उठलो नाही.